फुकटचा नंबर

बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला असताना दोन महिने आई माझ्याशी फक्त कामापुरतं बोलत होती. पाणी भर, कुकर उतरव, दार लाव. घरातल्या मोबाइलमधले पैसे भराभर संपत होते आणि ते कोण संपवतंय हे कळत नव्हतं. घरात माणसं तीन. आई फोनला हात लावायलाही घाबरायची. बाबा निवृत्त झालेले, ते कोणाला एवढे फोन करणार? उरले मी, वय एकोणीस.

पण हे सांगायचं तर आधी ताईबद्दल सांगायला हवं.

ताई माझ्याहून पाच वर्षांनी मोठी. नवीन राज्य झालं तेव्हा ती कॉलेज संपवत होती. बाबा रेल्वेच्या वॅगन कारखान्यात फिटर होते आणि या नव्या राज्यावर त्यांचा फार भरवसा बसला होता. भोपाळहून फायलींचे ट्रक येत होते, जुन्या बंगल्यांवर नव्या खात्यांच्या पाट्या लागत होत्या, रायपुरात भाड्याने खोली मिळणं मुश्कील झालं होतं. बाबा म्हणायचे, "राजधानी झाली म्हणजे माणसं लागतीलच. आपल्या पोट्टीले कुठी ना कुठी लागूनच जाईल." नोकऱ्यांच्या जाहिरातींचा पेपर ते न चुकता आणत. जाहिरातीभोवती पेन्सिलीने गोल करून ताईच्या उशीजवळ ठेवत. ताई फॉर्म भरायची, फोटो चिकटवायची, परीक्षेला जायची. अशी तीन वर्षं गेली. ती ट्यूशन घेई, आईला शिवणात मदत करी आणि निकालाची वाट पाही.

मग तिच्या एका मैत्रिणीने पुण्याचं सांगितलं. फ्रिज आणि वॉशिंग मशीन बनवणाऱ्या एका कंपनीला फोनवर तक्रारी घ्यायला मुली हव्या होत्या. हिंदी चांगली पाहिजे, बस. ताईने बाबांना न विचारता फोनवर मुलाखत दिली आणि ती निवडली गेली.

बाबांना ती नोकरीच वाटली नाही. "लोकांचे फ्रिज बिघडले म्हणून आपण शिव्या खायच्या? त्याच्यासाठी शिकवलं काय तुले?"

"बाबा, इथे बसून मी काय करून राहिली?"

"दोन जागा निघाल्या आहेत. फॉर्म आणला मी."

"तो तुम्हीच भरा," ताई म्हणाली. ती आजवर त्यांच्याशी अशी बोलली नव्हती. बाबांनी फॉर्मची घडी करून खिशात ठेवली. मग म्हणाले, "जायचं तर जा. पण मले फोन नको करू."

स्टेशनवर तिला सोडायला आई आणि मी गेलो. बाबा ड्यूटीवर गेले. त्या दिवशी त्यांची सुट्टी होती हे आम्हा तिघींनाही माहीत होतं.

ताईने त्यांचा शब्द तंतोतंत पाळला. दर रविवारी तिचा फोन यायचा. तेव्हा आमच्याकडे तारेचा फोन होता. मी उचलला की ती म्हणायची, "आईले दे." आई बोलायची, मग मी. बाबा बाजूच्या खोलीत पेपर उघडून बसलेले असायचे. तेवढा वेळ पान उलटण्याचा आवाज यायचा नाही. फोन ठेवला की ते कोणाला उद्देशून न बोलता विचारायचे, "काय म्हणते पुणं?" आई म्हणायची, "बरं आहे." तेवढ्यावर आठवडा काढायचा.

आपल्या मराठी लोकांच्या गावात चालली म्हणून आईला जरा धीर होता. पण पुण्यात ताईच्या मराठीला मुली हसायच्या. 'मले, तुले' ऐकून त्या विचारायच्या, तू नक्की कुठली? म्हणून ती ऑफिसात हिंदीच बोलायची. ग्राहकांना स्वतःचं नावही सांगायचं नाही, कंपनीने दिलेलं दुसरं नाव सांगायचं. हे तिने मला हसत सांगितलं होतं. मला मात्र हसू आलं नाही.

एका रविवारी ती आईला म्हणाली, "शेजारच्या काकूंचा फ्रिज आमच्याच कंपनीचा आहे ना? बिघडला तर नंबर लिहून ठेव. अठराशेवाला नंबर आहे, फुकट लागतो. आमच्याच हॉलमध्ये वाजतो." आईने तो विजेच्या बिलामागे लिहिला. ते बिल नंतर मला कुठे दिसलं नाही. मी शोधलंही नाही.

त्याच वर्षी बाबा निवृत्त झाले आणि त्यांना एक नवंच वेड लागलं. पाऱ्यात, म्हणजे आमच्या मोहल्ल्यात, कोणाचाही फ्रिज बिघडला की ते पोचायचे. "कोणत्या कंपनीचा?" आधी हेच विचारायचे. त्याच कंपनीचा निघाला तर म्हणायचे, "तुम्ही काही करू नका. मी लिहून देतो तक्रार." मग आमच्या घरून फोन करायचे. बीरगांवकडच्या कारखान्यांची काळी धूळ आमच्या भागात सगळीकडे बसायची, फ्रिजच्या मागच्या जाळीवरही, त्यामुळे तक्रारींना तोटा नव्हता. बाबांनी पाऱ्यातल्या बायकांना जाळी कशी पुसायची हेसुद्धा शिकवलं. लोक त्यांना मानू लागले. आई म्हणायची, "चाललं आहे तर चालू द्या. घरी बसून बीपी वाढवण्यापेक्षा बरं." आमचा स्वतःचा फ्रिज दुसऱ्याच कंपनीचा होता.

मग राजधानीसाठी रस्ता रुंद करायला काढला. आमच्या पाऱ्याबाहेर मशीनने खोल नाली खणली आणि एका दिवशी सगळ्यांचे फोन बंद पडले. महिना झाला, दीड महिना झाला, तार काही जुळेना. शेवटी बाबांनीच मोबाइल आणला. तो टीव्हीच्या कपाटावर प्लास्टिकच्या पिशवीत ठेवलेला असायचा. नंबर ताईला कळवला. रविवारचा फोन आता त्यावर येऊ लागला. येणाऱ्या फोनला पैसे पडत नव्हते, आणि करायचा झाला तर फक्त गरजेचा, असं ठरलं.

पहिल्यांदा रिचार्ज आठवड्यात संपला तेव्हा दुकानदारानेच काही गडबड केली असेल असं वाटलं. दुसऱ्यांदा संपला तेव्हा आईने माझ्याकडे पाहिलं. तिसऱ्यांदा ती बोललीच.

"कोणाले फोन करून राहिली तू?"

"कोणालेच नाही."

"मग पैसे काय उडून गेले?"

मी फोन उघडून लागलेले नंबर तिला दाखवले. मामाचा एक, गॅसवाल्याचा एक, आणि बाकी तो अठराशेचा. "पाहा. कोणाचा नंबर आहे का?" आईने चष्मा लावून पाहिलं. अठराशेचा नंबर तिलाही ओळखीचा होता, बाबांच्या तक्रारींचा. तो तर फुकट. ती म्हणाली, "पुसून टाकला असशील. आजकालच्या पोट्ट्यांले सगळं येते."

माझी पंडरी भागातली अकाउंट्सची ट्यूशन बंद झाली. तिथे मुलंही येत, हे आईला तेव्हाच सुचलं. मी रडले, भांडले, मग बोलणंच सोडलं. बाबा यात काही म्हणाले नाहीत. मला त्याचं जास्त लागलं. आईचा राग समजू शकत होता, पण बाबांनी एकदा तरी म्हणायला हवं होतं की ही असं करणार नाही. ते दुपारी जेवून गच्चीवर जायचे. वर रेंज चांगली येते म्हणायचे. मोबाइल सोबत असायचा, पण आमच्या कोणाच्याच मनात काही आलं नाही. फ्रिजवाले बाबा, तक्रार लिहवत असतील.

असाच एक रविवार. आई विहारातून नुकतीच आली होती. दुपारी फोन वाजला, मी उचलला. पलीकडून ताईचा आवाज, पण इतका बारीक की मी आधी ओळखलाच नाही. "आईले दे," ती म्हणाली. मग म्हणाली, "नाही, तूच ऐक. मले बरं नाही. तीन दिवसांपासून…" आणि फोन कटला.

तो ताईच्या हॉस्टेलच्या भिंतीवरच्या, एक रुपया टाकायच्या डब्याचा नंबर होता. मी लगेच उलटा लावला. बॅलन्स नाही, रेकॉर्डमधली बाई म्हणाली. पुन्हा लावला. तीच बाई तेच सांगत होती. आईने माझ्या हातातून फोन ओढला, कानाला लावला, बाईचं सगळं ऐकून घेतलं. मग फोन कपाटावर ठेवून तिने मला मारलं. मी मोठी झाल्यावर आईने मला मारलेलं ते एकदाच.

"तुझ्या त्या पोट्ट्यापायी," ती म्हणाली. "माझी पोरगी तिकडे मरून राहिली असेल."

बाबा दारात उभे होते. ते चपला घालून निघाले, आई मागोमाग, मीही. रिचार्जचं दुकान रविवारचं बंद. शेजारच्या काकूंचा मोबाइल काका घेऊन गेलेले. चौकातल्या पीसीओवाल्याने सांगितलं की त्याचीही तार कापलेली आहे, पुढच्या नाक्यावर जा. आम्ही तिघं उन्हात त्या खणलेल्या रस्त्याच्या कडेने मातीचे ढीग चढत आणि उतरत चाललो होतो. नाक्यावरचा फोन लागला तेव्हा पलीकडे नुसती घंटी वाजत राहिली. कितीदा लावला ते आठवत नाही. शेवटी कोणा मुलीने उचलला. ताईला कावीळ झाली होती. मघाशी बोलता बोलता ती डब्याजवळच खाली बसली आणि मुलींनी तिला दवाखान्यात नेलं. "आंटी, आप चिंता मत कीजिए," ती मुलगी म्हणत होती. आई नुसती "हव, हव" करत होती.

सोमवारी सकाळी मी एकटी दुकानात गेले. रिचार्ज केला आणि दुकानदाराला म्हटलं, "भैया, इसका पैसा कहाँ जाता है, देखो ना. मैं तो बात ही नहीं करती." माझा चेहरा पाहून असेल, त्याने फोन हातात घेतला. लागलेले नंबर वर-खाली केले.

"ये अठारह सौ वाला कौन लगाता है?"

"वो तो फ्री है."

"लैंडलाइन से फ्री है, दीदी. आपकी कंपनी के मोबाइल से नहीं. मिनट का कटता है." त्याने एक एक फोन उघडून वेळ दाखवला. सोळा मिनिटं. बावीस मिनिटं. एकोणीस मिनिटं. "जब तक म्यूज़िक बजता है ना, 'कृपया प्रतीक्षा करें', तब तक भी कटता है."

तो नंबर मी कितीतरी वेळा पाहिला होता, आईलाही दाखवला होता. फुकटचा म्हणून आम्ही दोघींनी तो मोजलाच नाही.

घरी आले तेव्हा आई दवाखान्यासाठी पैशांची सोय करायला मामाकडे गेली होती. बाबा गच्चीवर होते. मी वर गेले. दोन महिन्यांचा राग मनात होता, काय काय बोलायचं ते जिन्यात ठरवलं होतं.

"बाबा, तुम्ही त्या फ्रिजच्या नंबरवर फोन करून राहिले का?"

"हो. फुकट आहे तो."

"मोबाइलवरून नाही. मिनिटाचे पैसे पडतात."

ते माझ्याकडे पाहत राहिले. "कोण म्हणते?"

"दुकानात दाखवलं त्यानं. सगळे पैसे त्याच्यातच गेले."

त्यांनी विचारलं, "गाणं वाजते तेव्हाचेही?"

"तेव्हाचेही."

बाबा टाकीच्या कठड्यावर बसले. कारखान्यात पस्तीस वर्षं काम केलेला माणूस, हात एवढे मोठे, ते हात त्यांनी मांडीवर उपडे ठेवले. "मले वाटलं तूच…" ते म्हणाले आणि थांबले. म्हणजे त्यांनीही माझ्यावर संशय घेतला होता. जिन्यात ठरवलेलं सगळं मी विसरले.

"काहून करत होते, बाबा? कोणाचा फ्रिज बिघडला होता?"

"कोणाचाच नाही." मग म्हणाले, "दीडशे पोरी बसतात म्हणे तिथे. एखाद्या वेळी तिच्याकडे लागला असता."

मी त्यांच्याजवळ बसले. "लागला का कधी?"

"एकदा."

मग त्यांनी सांगितलं. तारेच्या फोनवर शंभरदा लावून जे झालं नाही, ते मोबाइल आणल्यावर दुसऱ्याच आठवड्यात झालं होतं. बराच वेळ गाणं वाजलं. मग आवाज आला, "नमस्कार, मैं आपकी क्या सहायता कर सकती हूँ?" नाव भलतंच सांगितलं, पण 'सहायता' म्हटल्याबरोबर त्यांनी ओळखलं. आता काय बोलायचं ते त्यांना सुचेना. एवढे महिने लावत होते, पण लागला तर काय बोलायचं याचा विचारच केला नव्हता.

"मग?"

"मी म्हटलं, मॅडम, मेरे फ्रिज में बर्फ नहीं जम रहा."

"तिनं ओळखलं?"

"काय माहीत. थांबली जरा. मग म्हणाली, सर, कृपया लाइन पर बने रहिए. पुन्हा गाणं लागलं. मी थांबलो. परत आली, पत्ता विचारला. मी घरचा पत्ता सांगितला. पिनकोड सांगितला. तिनं लिहून घेतला. म्हणाली, फ्रिज थोडी देर बंद करके देखिए. मग म्हणाली, और कोई सहायता? मी म्हटलं, नहीं बेटा, बस इतनाच."

"बेटा म्हटलं तुम्ही?"

"गिऱ्हाईक लोक म्हणतच असतील," बाबा म्हणाले.

त्यानंतर ते रोज लावत होते. पुन्हा ती लागली नाही.

संध्याकाळी आई आली तेव्हा बाबांनी तिला पाणीही पिऊ दिलं नाही. दारातच सांगितलं, "फोनचे पैसे मी संपवले. पोरीचं काही नाही त्याच्यात." आईने विचारलं नाही की कोणाला. ती खाली बसली, पदराने तोंड पुसलं आणि माझ्याकडे न पाहता म्हणाली, "इकडे ये." मी गेले. तिने माझा हात धरून ठेवला. दुसऱ्या हाताने पिशवीतली भाजी काढत राहिली.

बाबा त्याच आठवड्यात रेल्वेच्या पासवर पुण्याला गेले. एकटे. आई म्हणाली मी येते, तर म्हणाले, तू नंतर ये. जाण्याआधी ते मला घेऊन पंडरीला ट्यूशनच्या सरांकडे गेले आणि हात जोडून म्हणाले, "दो महीना मैंने नहीं भेजा. गलती मेरी है. इसका जो छूटा है, पढ़ा दीजिए." माझी माफी त्यांनी अशी मागितली. मला ती पुरली.

दवाखान्यात ते अकरा दिवस राहिले. तिथे काय झालं ते ताईने मला पुष्कळ वर्षांनी सांगितलं. काहीच झालं नाही म्हणाली. ते स्टुलावर बसायचे, उसाचा रस आणायचे, नर्सला तापाचा आकडा विचारायचे. त्या फोनबद्दल ना ते बोलले, ना ती.

"पण तू ओळखलं होतं ना?" मी विचारलं.

"बोलायच्या आधी ते घसा साफ करतात, तेव्हाच," ताई म्हणाली. "होल्डवर टाकलं ना मी, ते त्याच्यासाठीच. मले बोलताच येत नव्हतं. मान खाली घालून बसली होती. शेजारची म्हणे, कस्टमर शिव्या देऊन राहिला का? मी म्हटलं, हव."

ती किती वेळ तशी बसली होती ते तिला आठवत नव्हतं. मी तिला सांगितलं नाही, की गच्चीवरचा तो फोन सव्वीस मिनिटांचा होता. दुकानदाराने त्या दिवशी सगळ्यात लांब फोन म्हणून तो मला हसत दाखवला होता, मोबाइल आणल्यानंतरच्या दुसऱ्याच आठवड्यातला.

बरी झाल्यावर ताई महिनाभर घरी राहिली आणि पुन्हा पुण्याला गेली. या वेळी बाबा स्टेशनवर आले. मग दर रविवारी तेही फोन घेऊ लागले, पण त्यांना जमायचं नाही. "जेवली का? बरं. आईले देतो." एवढंच. मला वाटायचं, सांगावं यांना की फ्रिजचं काही विचारा. पण मी बोलले नाही.

बाबांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. ते गेले त्यानंतर दिवस-कार्य आटोपून ताई पुण्याला परतली आणि तिने एक गोष्ट केली, जी तिने आईलाही सांगितली नाही. ती नोकरी तिने केव्हाच सोडली होती, तरी ती त्या जुन्या ऑफिसात गेली. तिथे येणारा प्रत्येक फोन रेकॉर्ड होत असे. बाबांचा आवाज आमच्या कोणाकडे नव्हता. लग्नाच्या कॅसेटमध्ये ते दिसतात, पण वर बँड वाजतो. तिला वाटलं, विचारून पाहावं. ऑफिस दुसरीकडे हललं होतं. तिथवरही ती गेली. एका मुलाने तिला खुर्ची दिली, पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, मॅडम, इथे काही महिन्यांपलीकडचं काही ठेवत नाहीत. तो मुलगा वयाने लहान होता, ताई म्हणाली, त्यालाच वाईट वाटलं.

आता तिचा फोन रोज येतो, चेहरा दिसतो, पैशांचा हिशोब कोणी करत नाही. तिची मुलं पुण्याची मराठी बोलतात, माझा मुलगा मराठी ऐकतो आणि हिंदीत उत्तर देतो. आम्ही दोघी मात्र एकमेकींशी 'मले, तुले'च बोलतो. बोलायचं सगळं संपलं की मी म्हणते, "ठेवू का?" पलीकडे ती पोळ्या लाटत असते. इकडे आई भांडी लावत असते, बाहेर भाजीवाला ओरडत असतो.

"राहू दे थोडा वेळ," ती म्हणते. "तू तुझं काम कर."

मी फोन डब्याला टेकवून ठेवते आणि कणीक मळायला घेते.